अमुक व इतर

व्यक्ती मोठी की समाज मोठा, हा विषय वक्तृत्व स्पर्धेत आला की मुलांना आनंद होतो, कारण यासाठी घरून काही वाचून जावं लागत नाही. व्यक्तीच्या बाजूला आगरकर आणि मिल असतात, समाजाच्या बाजूला मुंग्या आणि मधमाश्या. साडेचार मिनिटं दोघांची झुंज लावायची, इशाऱ्याची घंटा झाली की दोघांचा समन्वय करायचा आणि ढाल घेऊन घरी यायचं. परीक्षकांनाही समन्वय आवडतो. त्यांना पुढच्या गाडीने जायचं असतं.

पुढे जव्हार तालुक्यात जामसरच्या आसपास लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम गळ्यात पडलं आणि कळलं, की ही स्पर्धा इथे बारा महिने चालू असते. फक्त ढाल नसते. प्रत्येक सरकारी कागदावर 'अर्जदाराचे नाव' अशी एक रेघ असते. त्या रेघेवर स्वतःचं नाव घालायचं, घरातल्या कर्त्याचं, पाड्याचं की अख्ख्या गावाचं, हे ज्या त्या खात्याने आपापल्या तत्त्वज्ञानानुसार ठरवून ठेवलेलं आहे. आणि खात्यांचं आपसात पटत नाही.

रेशनचंच घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य. म्हणजे इथे व्यक्ती मोठी. अंत्योदयाच्या कार्डाला मात्र सरसकट ३५ किलो, मग घरात म्हातारा-म्हातारी दोघंच असोत नाहीतर दहा तोंडं असोत. म्हणजे इथे कुटुंब मोठं. घरात बरोबर सात माणसं असली की दोन्ही तत्त्वज्ञानं ३५ किलोवर येऊन एकमेकांना भेटतात. वक्तृत्व स्पर्धेच्या बाहेर समन्वय झालेला मी पाहिला तो एवढाच. आठवं माणूस जन्माला आलं की अंत्योदयवाल्याला आपण व्यक्तिवादी असायला हवं होतं असं वाटू लागतं.

रोजगार हमीचंही तेच. महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला तो काम मागणाऱ्या प्रौढ माणसासाठी, त्यामागे वि. स. पागे होते. केंद्राने २००५ साली केला त्यात हमी कुटुंबाला होती, वर्षाचे १०० दिवस. घरात कामाला जाणारी चार माणसं असली तर एकेकाच्या वाट्याला पंचवीस दिवसांचा कायदेशीर हक्क यायचा. उरलेले दिवस कुणाचे, तर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवाल्याचे. लाडकी बहीण योजना आली, तिथे पैसे बहिणीच्या स्वतःच्या खात्यात, पण उत्पन्नाची अट अख्ख्या घराला. बहीण वैयक्तिक आणि गरिबी सामूहिक.

लोक या सगळ्याला सरावले आहेत. जसा अर्ज तसं कुटुंब. घरकुल कुटुंबाला एक मिळतं म्हटल्यावर एका घरातल्या तीन भावांनी कागदावर वेगळं व्हायचं ठरवलं. पाहणीला माणूस येणार त्या दिवशी घरात तीन ठिकाणी तीन चुली मांडल्या. भात एकाच टोपात शिजला होता; तो थोडा थोडा तीन भांड्यांत काढून तिन्ही चुलींवर ठेवला. प्रश्न उरला आईचा. ती कुठल्या चुलीपुढे बसणार? सुनांचं आधी ठरलेलं होतं, पण म्हातारी सवयीने मोठ्याच्या चुलीपुढे जाऊन बसली आणि पाहुण्याला पाहून तिघी सुनांना हाका मारून म्हणाली, "अगं, भात वाढा त्यांना. एवढा कुणासाठी वेगवेगळा केलाय?" पाहणीवाला समजूतदार निघाला. त्याच्या स्वतःच्या घरीही तीन रेशनकार्डं होती.

हे तिघं भाऊ कागदावर वेगळे व्हायला धडपडत असताना त्यांचा सातबारा मात्र त्यांना एकत्र बांधून बसला होता. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. देशातल्या मोठमोठ्या संस्थांतून मॅनेजर व्हायला शिक्षण लागतं. सातबाऱ्यावर तो आधी जन्मला एवढं पुरतं. धाकटे 'व इतर'मध्ये मोडतात, त्यांची नावं कुठेच नसतात. मॅनेजर वारला, त्याची मुलं वारस म्हणून लागली, की धाकट्या काकाला आपण या जमिनीचे कोण, हे पुतण्याला विचारावं लागतं. राज्य सरकारने २०२५ साली मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची मोहीम काढली आणि तिचं नाव ठेवलं 'जिवंत सातबारा'. म्हणजे तोवर वारलेली माणसं जमिनी धरून होती आणि नांगर धरणारी जिवंत माणसं 'व इतर'मध्ये होती, हे सरकारने आपणहून कबूल केलं. सरकारी विनोद असा क्वचितच जमून येतो.

पण माझ्या दप्तरातली खरी जाड फाईल वनहक्काची. संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्यात लिहूनच टाकलं. कायदा दोन्ही प्रकारचे हक्क देतो. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क, जास्तीत जास्त ४ हेक्टर. आणि गावाने राखलेल्या, वापरलेल्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क. दोन्हींचे नमुने वेगळे. २०१२ साली सामूहिक वनसंपत्तीसाठी आणखी एक नमुना आला.

वैयक्तिक हक्काची मजा अशी, की तो एकट्याला सिद्ध करता येत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉन लॉक सांगून गेला, की माणसाने जमिनीत आपले कष्ट मिसळले की ती त्याची होते. वाचायला छान वाटतं. लॉकसाहेब जामसरच्या उतारावर वरी-नागली पेरायला आले असते तर मिसळलेले कष्ट जप्त होऊन त्यांच्यावर अतिक्रमणाची केस झाली असती. इथल्या माणसाला कष्टांच्या जोडीला दोन पुरावे लागतात, आणि त्यातला एक पुरावा म्हणून गावातल्या दुसऱ्या कुणा वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. म्हणजे तुमचा वैयक्तिक हक्क शेजारच्या म्हाताऱ्याच्या आठवणीवर उभा. ती चांगली असावी लागते, आणि तुमचे त्याचे संबंधही.

एका दाव्यात ते नव्हते. बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली पडणारी फुलं कुणाची, यावरून अर्जदार आणि म्हातारेबाबा बरीच वर्षं बोलत नव्हते. बाकीचे जाणते वारलेले. शेवटी बाबा जबाब द्यायला आले, पण अर्जदाराकडे पाठ करून बसले. मी विचारलं, "बाबा, हा ही जमीन कधीपासून कसतोय?"

"त्याचा बाप कसायचा. बाप चांगला होता."

"१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतोय का? तारीख महत्त्वाची आहे."

ही तारीख कायद्यात का आहे, तर त्या दिवशी लोकसभेत हे विधेयक मांडलं गेलं. मंगळवार होता. दिल्लीत काय घडत होतं ते कळतं, पण त्या मंगळवारी आपण कुठे होतो हे पुण्या-मुंबईतल्या माणसालाही डायरी काढल्याशिवाय सांगता यायचं नाही. बाबांनी थोडा वेळ विचार केला. "मुंबई बुडाली ते साल का?"

"तेच. जुलैत बुडाली."

"मग लिहा. आमचा पोरगा तेव्हा तिकडे बांधकामावर होता, चार दिवस पत्ता नव्हता. मी रोज टेपाडावर जाऊन वाटेकडे बघायचो. खाली हा गडी वरी लावत होता. पावसात. मला बघून म्हणाला, येईल पोरगा." एवढं बोलून बाबांना आपण शत्रूची बाजू घेतोय हे आठवलं असावं. ते घाईने म्हणाले, "पण मोहाचं झाड माझं आहे, तेपण लिहा."

"आणि बाबा, डिसेंबरात? १३ तारखेला तो जमिनीवर होता?"

"डिसेंबरात कोण इथे असतंय दादा? दिवाळी झाली की सगळा पाडा भट्टीवर. हापण तिथंच, मीपण."

मी पेन खाली ठेवलं. कायदा म्हणतो त्या दिवसाच्या आधीपासून जमीन ताब्यात हवी. आणि त्या दिवशी ताबा घ्यायला पाड्यावर कोंबड्या आणि म्हाताऱ्या तेवढ्या होत्या. मी लिहिलं, 'खरिपाचे पीक निघाल्यानंतर अर्जदार नेहमीप्रमाणे मजुरीस गेला होता.' नेहमीप्रमाणे हा शब्द खूप काम करतो. बाबांनी अंगठा उठवला आणि अर्जदाराकडे न बघता निघून गेले.

मग बायकोचं नाव. या कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. वारसांना मिळतो, पण विकता येत नाही. मी नाव विचारलं तर दोघंही कागद शोधायला उठले. रेशनकार्डावर एक नाव निघालं, आधारवर दुसरं, आणि मतदार यादीत पहिलं नाव दुसऱ्या आडनावासकट. एका बाईच्या तीन व्यक्ती झाल्या होत्या आणि हक्क एकीलाच मिळणार होता. मिलने स्वातंत्र्यावर १८५९ साली एवढा निबंध लिहिला, पण त्याला ही अडचण सुचली नाही. आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, की या तिघीही मीच.

सामूहिक दाव्याचं बरोबर उलटं. त्यात हक्क सगळ्यांचा असतो, त्यामुळे काम करायला एकच माणूस सापडतो. तो बहुधा अविवाहित आणि बारावी झालेला असतो. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया वेळेवर येऊन बसतात. पुरुष समाजमंदिराबाहेर झाडाखाली उभे राहतात, कारण आत बसलं तर हजेरी लागते आणि हजेरी लागली तर समितीत नाव जातं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आल्यापासून आणि राज्याने २०१४ साली त्याचे नियम केल्यापासून प्रत्येक पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हायची सोय आहे. त्यामुळे सभेत निम्मा वेळ जंगलावर आणि निम्मा वेळ आपला पाडा वेगळा करायच्या चर्चेत जातो. समूहालाही स्वतःचं व्यक्तिमत्त्व हवं असतं हो. भावांनी तीन चुली मांडल्या तर आपण हसतो, आणि पाड्यांनी तीन ग्रामसभा मागितल्या तर त्याला विकेंद्रीकरण म्हणतो.

या सामूहिकपणाचं टोक पाहायचं तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जावं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव महाराष्ट्राला ठाऊक झालं. सामूहिक वनहक्क मिळवण्यात देशात पहिल्या गावांत ते होतं, आणि २०१३ साली तर लोकांनी आपापल्या जमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेला द्यायचं ठरवलं. पण तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आता बघा, सर्वसहमती म्हटली की एक माणूस 'नाही' म्हणाला तर सगळं गाव थांबलं. विधानसभेत आमदाराला हा अधिकार नाही. ज्या गावात कुणाची खासगी जमीन उरणार नाही, तिथे एका एका माणसाच्या मानेला गावाएवढं वजन आलं. वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलांना मी हा मुद्दा सुचवणार नाही, घंटा वाजून जाईल.

आणि ज्यांना आपण व्यक्तिवादी म्हणतो ती शहरं? दादर-ठाण्याच्या कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत जा. नावातच सहकार आहे, कायदा १९६० चा आहे, जिना, गच्ची, टाकी, सगळं सामाईक. वार्षिक सभेला कोरम होत नाही म्हणून ती अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग त्याच सात जणांत पार पडते. त्या सात जणांनी ठरवायचं, की तिसऱ्या मजल्यावर एकट्या मुलीला भाड्याने जागा द्यायची की नाही, तिच्याकडे कोण किती वाजता आलं तर चालेल, आणि तिने कुत्रं पाळावं का. समितीतला प्रत्येक जण स्वतःच्या पार्किंगपुरता कट्टर व्यक्तिवादी असतो आणि दुसऱ्याच्या पाहुण्यांच्या बाबतीत सोसायटीची संस्कृती जपतो.

जामसरकडे पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली तर पुष्कळदा सरळ एकत्र राहू लागतात. पाड्यावर त्याचं कुणाला काही वाटत नाही. लग्न राहिलेलं असतं ते पैशांमुळे, कारण लग्न म्हणजे देज आलं आणि गावाला जेवण आलं. संसार दोघांचा, तो दोघांनी मांडला. सोहळा गावाचा, तो गावाला जेवू घालायची ऐपत येईल तेव्हा. कधी पोरं शाळेत जाऊ लागल्यावर सामुदायिक विवाहात नाव नोंदवतात, आणि आईबापाच्या लग्नात पोरं जेवणाच्या पंगतीत पहिली बसतात. शहरातली मंडळी हे ऐकून आधी मागासलेपणा म्हणतात आणि मग हळूच विचारतात, तिकडे भाडेकरार लागत नाही का?

हे सगळं गोड वाटेल म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. पाड्याला एकमत करता येतं तसं एकीविरुद्धही करता येतं. आजारपणं वाढली, गुरं दगावली, की कुणीतरी कुण्या एकट्या बाईला भुताळी ठरवतं. तेव्हा सगळा समूह एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या. तिथे मला विनोद सुचत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी गावांची भलामण करणाऱ्यांना खडे बोल सुनावले होते आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला गावाचं काय ते ठाऊक असतं. महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा केला आणि वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ साली. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. म्हणजे घटनेनंतर साठाहून अधिक वर्षांनी पुन्हा वेगळं लिहून द्यावं लागलं, की बाबांनो, एका माणसाविरुद्ध सगळ्यांनी एकत्र येणं याला लोकशाही म्हणत नाहीत.

पण त्या एका माणसाने आपला कागद मिळवायचा कसा? एकट्याने खेटे घालून मिळत नाही हे मी अर्ज लिहिता लिहिता पाहिलं आहे. वनहक्क समिती, ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती, आणि परत. एकट्या अर्जदाराला सगळे आदराने वागवतात, खुर्ची देतात, पुढच्या सोमवारी बोलावतात. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या हाकेवर हजारो शेतकरी, त्यात मोठा भाग आदिवासींचा, नाशिकहून पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटर. मागण्यांत वनजमिनीचे पट्टे ठळक होते. म्हणजे प्रत्येकाच्या मनात आपापला उताराचा तुकडा, आपापलं नाव, आपापल्या बायकोचं नाव, आणि पाय मात्र हजारोंचे एका रांगेत. मुंबईत शिरले तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. वाहतूक अडकून मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून दिवसभर चाललेली ही माणसं विश्रांती न घेता रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानावर जाऊन बसली. रस्त्यावर कुठल्याशा परीक्षा केंद्राकडे निघालेल्या एकेका पोराचा हक्क त्यांनी, स्वतःचा अजून हातात नसताना, सांभाळला. मुंबईकर त्यांना पाणी, बिस्किटं, चपला द्यायला धावले. नंतर काही दिवस शहरात सगळे एकमेकांशी बरे वागत होते असं ऐकतो.

आमच्या अर्जदाराचाही पट्टा यथावकाश आला. त्याच खेपेला म्हाताऱ्या बाबांचाही आला, कारण त्यांच्या दाव्यात जबाब अर्जदाराने दिला होता, तोही पाठ करून बसूनच. जीपीएसने मोजणी झाली. दोन्ही नकाशे मी शेजारी शेजारी ठेवले तर मोहाचं झाड दोघांच्याही हद्दीच्या बाहेर, मधल्या पट्टीत निघालं. ते आता कायद्याने दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. सामूहिक दावा मंजूर झाला तर सगळ्या गावाचं होणार होतं. दोघांनी नकाशे उलटसुलट करून पाहिले. मग कितीतरी वर्षांनी बाबा थेट त्याच्याशी बोलले.

"गावाचं म्हणजे? सगळे येतील फुलं वेचायला?"

"येतीलच की."

"मग अर्ज करायला पाहिजे," बाबा म्हणाले. "आपण दोघांनी मिळून."

मी नवा कागद घेतला आणि विचारलं, "अर्जदाराचे नाव?" त्यावर दोघंही एकदम, "माझं लिहा," म्हणाले.